‘लाइन’वर लाल रेघ मारण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, माझ्या नातीच्या शाळेत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहून घेतला. नात पाचवीत आहे. दोन दिवसांनी तपासलेली वही घरी आली, ती तिनं माझ्या हातात दिली आणि काही न बोलता समोर बसून राहिली. निबंधात तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या मळ्याला रात्री लाइन येते. तेव्हा बाबा बॅटरी घेऊन दारे धरायला जातात.’ ‘लाइन’ या शब्दावर लाल रेघ होती आणि वर ‘वीज’ असं लिहिलेलं होतं. समासात बाईंचा शेरा होता, ‘इंग्रजी शब्द टाळावेत.’

बाई चांगल्या आहेत. मुलांना जीव लावून शिकवतात, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांची अक्षरं बघितली की त्यांची मेहनत दिसते. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती लाल रेघ माझ्या मनातून जात नाही. कारण मी चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन म्हणून नोकरी केली. या एका शब्दावर माझं घर चाललं, आणि या एका शब्दामुळे माझा जीव जायची वेळही एकदा आली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कृपया सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट अशी, की नातीचं वाक्य बरोबर होतं आणि दुरुस्त केल्यावर ते चुकीचं झालं. ‘आमच्या मळ्याला रात्री वीज येते’ याचा अर्थ दिवसा मळ्यात वीज नसते. तसं नाही. आम्ही मळ्यातच राहतो. घरातला दिवा, पंखा, मोबाइलचं चार्जिंग दिवसभर चालू असतं, कारण सिंगल फेज असतो. विहिरीवरची मोटर मात्र थ्री फेजवर चालते आणि तो थ्री फेज पाळीनं, ठरलेले तास मिळतो. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शेतकरी ‘लाइन आली’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा थ्री फेज असतो. घरात दिवा लागलेला असताना आमच्याकडे माणूस विचारतो, ‘लाइन आली का रे?’ आणि ऐकणाऱ्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. गावठाणात हाच प्रश्न विचारला तर अर्थ वेगळा, तिथे लाइन म्हणजे घरातली वीज. दहा वर्षांच्या मुलीला हा फरक ठाऊक होता आणि तिनं तो एका शब्दात मांडला. ‘वीज’ या शब्दात तो मावत नाही. शिवाय आमच्याकडे वीज म्हटलं की पावसाळ्यात आंब्यावर पडते ती आधी आठवते.

आमचा भाग जुन्नर तालुक्यातला. उसाचा आणि बिबट्याचा. रात्रीच्या लाइनला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांनी एकदा अनुभवावं असं मला मनापासून वाटतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. पाणी सरीत सोडायचं, सरी भरली की दार मोडायचं, पुढचं उघडायचं, आणि कान सगळा वेळ उसाकडे. पायाखाली फुरसं असेल ही भीती वेगळी. म्हणून ‘दिवसाची लाइन द्या’ ही इथल्या माणसाची जुनी मागणी आहे. सौर ऊर्जेवर शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या मुख्य लाइनी, चालवण्याच्या सरकारी योजनेचं नाव आहे ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’. आमच्याकडे तिला ‘सोलरची लाइन’ म्हणतात. ‘सोलरच्या लाइनला दिवसा पाणी देता येतं,’ एवढं एक वाक्य त्या योजनेचं मर्म सांगून जातं.

‘वाहिनी’ला माझा विरोध नाही. कागदावर ‘उच्चदाब वाहिनी’ शोभून दिसते आणि कायद्याच्या कामाला असे शब्द लागतात. पण लाइनचे अर्थ फार, म्हणून ती टाळा, असं कुणी म्हणालं तर त्यांनी वाहिनीचेही अर्थ मोजावेत. टीव्हीची वाहिनी, रक्ताची वाहिनी, आणि आता विजेची. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द एकाच कामावर कधी थांबत नाही. मुंबईत मेट्रो झाली, पाट्यांवर आणि बातम्यांत तिची लाइन ‘मार्गिका’ आहे. माझी थोरली मुलगी तिकडे राहते, तिच्या तोंडून मी आजवर मार्गिका ऐकलेली नाही. तिच्याकडे मुंबईचे सगळे पत्ते लाइनीवरून सांगतात. सेंट्रल लाइनला राहते की हार्बर लाइनला, यावरून लग्नाच्या आमंत्रणाला किती वाजता निघावं लागेल हे ठरतं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हापासून हा शब्द रुळांबरोबर मुंबईत आहे. मरीन लाइन्स या स्टेशनच्या नावात मात्र रुळांची लाइन नाही. तिथे मरीन बटालियनच्या पलटणीची वस्ती होती, तिच्या त्या लाइन्स. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स त्याच जातीच्या. आणि जिल्ह्याजिल्ह्यातली पोलीस लाइन, तीही त्याच घरातली. माझा मेहुणा पोलिसात होता. त्याची मुलं अजून अभिमानानं सांगतात, ‘आम्ही लाइनीत वाढलोय.’ एका ओळीत बांधलेल्या खोल्या, सामाईक नळ, दिवाळीत सगळ्यांचे वडील बंदोबस्ताला आणि सगळ्या घरांचा फराळ एकत्र. ‘पोलीस वसाहत’ म्हटलं की यातलं काहीच डोळ्यांसमोर येत नाही.

माझा जीव जायची वेळ आली ती गोष्ट आता सांगतो.

१९९४ चा पावसाळा. नोकरीला लागून मला फार वर्षं झाली नव्हती. एका वाडीच्या डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, खांबावर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, जळून तुटला होता. एक फेज गेलेला, बाकी दोन चालू. वर चढायचं तर अकरा केव्हीचा, म्हणजे अकरा हजार व्होल्टचा, फीडर सबस्टेशनमधून बंद करून घ्यायला हवा. रीतसर लेखी परमिट घ्यायचं असतं, पण पाऊस धो धो, ओढ्याला पूर, सबस्टेशन आठ मैल. मी दूध डेअरीतल्या फोनवरून ऑपरेटरला म्हणालो, ‘लाइन बंद करा, जंपर टाकायचाय.’ तो म्हणाला, ‘लाइन बंदच आहे.’ मी विचारलं, ‘नक्की?’ एवढ्यात फोनची लाइन कट झाली. डेअरीवाला म्हणाला, ‘आता काही लाइन लागायची नाही, पावसात नेहमीच जाते.’ एका मिनिटात किती लाइनी झाल्या बघा.

ऑपरेटर खोटं बोलला नव्हता. त्या सबस्टेशनमधून आमच्या बाजूला दोन फीडर निघत होते. त्यातला एक अर्ध्या तासापूर्वी ट्रिप होऊन पडला होता. त्याच्या मनात तो होता. माझ्या मनात दुसरा. मी फीडरचं नाव घेतलं नाही, ही चूक माझी. मी खांबाला हात घातला तेव्हा माझ्याबरोबरचे वयानं मोठे लाइनमन म्हणाले, ‘थांब. आधी रॉड लाव.’ मला घाई होती, अंधार पडत होता. ते ऐकेनात. तारेत वीज असेल तर ती जमिनीत उतरवायला डिस्चार्ज रॉड असतो. त्यांनी त्याची अर्थिंग स्वतः पक्की केली, मला मागे उभं केलं आणि दांडा उंच करून तारेला लावला. निळा जाळ झाला, बंदुकीसारखा आवाज झाला आणि अख्ख्या खोऱ्यातले दिवे गेले. आम्ही दोघं पावसात तसेच उभे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘नुसतं लाइन म्हणायचं नाही. तिचं नाव घ्यायचं.’ ते आज नाहीत. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. आता रात्री दारं धरायला जातो तो हाच.

त्या दिवसापासून मी नुसतं ‘लाइन’ कधी म्हटलं नाही. ओढ्याची लाइन, फाट्याची लाइन, माळावरची लाइन, शाळेमागची लाइन. आमच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी हे शिकवलं, मग पक्कड धरायला. समोरच्यानं काय ऐकलं ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं: ‘फाट्याची बंद केली?’ ‘फाट्याची बंद केली.’ मगच रॉड, मगच खांब. लोकांनीही हेच केलेलं आहे, कुणी न शिकवता. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, ड्रिपची मेन लाइन, जनावरांच्या दवाखान्यापुढची लाइन. आधी नाव, मग लाइन. शब्दाला अर्थ पुष्कळ असले म्हणून तो ढिसाळ होत नाही. त्याच्या पुढे काय लावायचं हे बोलणाऱ्याला कळायला हवं, आणि गावच्या माणसाला ते नीट कळतं.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन एक जाडजूड इंग्रजी कोश काढला आणि या शब्दाचं मूळ शोधलं. जे सापडलं ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. लाइन हा शब्द लॅटिनमधल्या ‘लिनम’ या शब्दापासून आलेला आहे. लिनम म्हणजे जवस. आपली जवस, जिला कुणी अळशी म्हणतं. तिच्या खोडाच्या धाग्याची दोरी वळत, त्या दोरीला तिकडे हे नाव पडलं. मग दोरी ताणून मारलेली रेघ ती लाइन, रेघेसारखी उभी राहिलेली माणसं ती लाइन, असं ते वाढत गेलं. लिनन हे कापड त्याच मुळाचं. शिंपी ब्लाउजला आतून लायनिंग लावतो, तेही तिथलंच, कारण अस्तराला पूर्वी ते कापड वापरत. माझ्या पत्नीचं माहेर लातूरकडचं. आमच्याकडे बारा महिने जवसाची चटणी असते. त्या दिवशी जेवताना मी तिला म्हणालो, माझी सगळी नोकरी तुझ्या माहेरच्या पिकावर झाली.

हे वाचल्यावर मला आमच्या गवंड्यांचा एक शब्द आठवला. पाया आखताना, विटांचा थर सरळ यावा म्हणून ते जो दोरा ताणतात त्याला ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. लाइन म्हणजेही मुळात दोरी. ओळंबा आपला, दोरी आपली, आणि लाइन दोरीला येऊन चिकटली. चार यत्ता शिकलेल्या गवंड्यानं इंग्रजी शब्द त्याच्या मूळ अर्थापाशी परत नेऊन ठेवला. हे काम कोणत्या समितीनं केलेलं नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती व्याकरणाच्या जाणकारांनी तपासून पाहावी. इंग्रजीत निर्जीव वस्तूला पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. आपण मात्र म्हणतो ‘ती लाइन’. कुणी ठरवलं? दोरी ती, तार ती, ओळ ती, रांग ती, रेघ ती, बारी ती. लाइन मराठीत आली आणि या बहिणींमध्ये जाऊन बसली, म्हणून तीही ‘ती’ झाली. तिचं अनेकवचन आपण आपल्या रीतीनं केलं, लाइनी. तिला आपले प्रत्यय लावले, लाइनीत, लाइनीवर, लाइनीला. वाईट मार्गाला गेलेला पोरगा सुधारला की आजी म्हणते, ‘लाइनीवर आला बाई.’ ज्या शब्दाला आजीनं आपला प्रत्यय लावला, तो परका कसा मानायचा हे मला कळत नाही. पगार, चावी, बटाटा, घमेलं हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. घमेलं हा शब्द पुसून टाका म्हटलं तर रस्त्यावरचं काम थांबेल.

आता माझी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल मी सगळीकडे लाइनच लावायला निघालोय. जिथे आपला शब्द जिवंत आहे तिथे तोच असावा, असं माझं ठाम मत आहे. कवितेची ओळच असते. ‘कवितेची पहिली लाइन’ हे मला टोचतं. वहीवर मुलांनी रेघा माराव्यात. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला उभं राहायचं ते दर्शनबारीत. बारी या शब्दात पाळी येण्याची जी आशा आहे ती लाइनमध्ये नाही. नांगराचं तास, उसाची सरी, जेवणाची पंगत, वारकऱ्यांची दिंडी, हे सगळे एकामागे एक असण्याचेच प्रकार, आणि प्रत्येकाला आपण वेगळं नाव दिलं. ही श्रीमंती आहे. पंगतीला कुणी लाइन म्हणालं तर मी त्याला थांबवीन. शाळेतल्या बाईंनी तिथे जरूर लाल रेघ मारावी.

पण खांबावरच्या तारा नव्हत्या तेव्हा त्यांना शब्दही नव्हता. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आलं. कधी आपण जुनाच शब्द नव्या वस्तूला दिला, जसा ‘तार’. माझ्या लहानपणी तार आली म्हणजे कुणीतरी गेलं. पोस्टमन सायकलवरून वाडीत शिरला आणि ‘तार आहे’ म्हणाला की वाचायच्या आधी बायका रडायला लागत. २०१३ च्या जुलैत सरकारनं ती सेवाच बंद केली. माझ्या नातीला तार म्हणजे कुंपणाची तेवढी माहीत. शब्द असे वस्तूंबरोबर येतात आणि वस्तूंबरोबर जातात. त्यांची नोंद ठेवायची तर ते तोंडात आहेत तोवर ठेवावी लागते.

निबंधाच्याच आठवड्यात, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिन असतो. आमच्याजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाला ती सगळ्यांना बघायला खुली करतात आणि शाळांची मुलं प्रयोग मांडतात. मी नातीला घेऊन गेलो होतो. तिथे एक तरुण संशोधक मुलांना समजावत होता, की आकाशात सगळीकडे हायड्रोजन आहे, आणि तो २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. ‘ही हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची लाइन,’ असं तो म्हणाला. नात पटकन माझ्याकडे वळली. घरी येताना एसटीत तिनं विचारलं, ‘आजोबा, ती लाइन रात्री येते की दिवसा?’ मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन बघितलं. प्रकाश लोलकातून काढला की पट्ट्यात बारीक रेघा दिसतात, शास्त्रज्ञ त्या रेघांवरून कोणता पदार्थ आहे ते ओळखतात, म्हणून लाइन. मराठी पुस्तकात ‘वर्णरेषा’ शब्द दिला होता, तोही चांगला वाटला. आणि ती दिवसरात्र येते, हेही तिला सांगितलं. त्याच संध्याकाळी तिच्या निबंधाची वही घरी आली होती.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो, कारण वाचकांना ते माहीत आहेत. मुलगा कोणत्या लाइनला आहे म्हणजे काय शिकतो किंवा काय करतो. माझा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. नारायणगावचा टोमॅटो भरून तो गुजरात लाइनला जायचा, आणि ‘लाइनवर आहे’ म्हणजे चार दिवस घरी येणार नाही असं भावजय समजून घ्यायची. ‘लाइन क्लिअर’ हा रेल्वेचा शब्द, पुढचा मार्ग मोकळा असल्याचा. तो आता कर्जाच्या प्रकरणापासून मुलीकडच्यांच्या होकारापर्यंत सगळीकडे चालतो. पक्षाची लाइन, गोलंदाजाची लाइन. तरुण मुलं लाइन मारतात म्हणतात, तो अर्थ मला आवडत नाही, कारण त्यात समोरच्या मुलीला काय वाटतं याचा विचार नाही. पण कोशात तो यायला हवा. कोश हा चांगल्या वागणुकीचा दाखला नसतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले. मीही वाटले. अभिजात म्हणजे जुनी आणि समृद्ध, हे खरंच. पण ताम्रपट आणि पोथ्या जपण्याइतकंच, आजच्या गवंड्याचा, ट्रकवाल्याचा, वायरमनचा, ऊसतोड्याचा शब्द लिहून ठेवणंही मला त्याच कामाचा भाग वाटतं. आमच्या कामातले कितीतरी शब्द मी कोणत्याही कोशात शोधले आणि मिळाले नाहीत. डीपी हा शब्द अख्खा महाराष्ट्र ट्रान्सफॉर्मरला वापरतो. तारांना ‘झोल’ येतो. फ्यूज ‘उडतो’, जंपर ‘टाकतात’, फीडर ‘पडतो’, लाइन चार्ज ‘करतात’. क्रियापदं सगळी मराठी आहेत, बघा. नावं बाहेरून आली, पण ती काय करतात हे आपण आपल्या भाषेत सांगितलं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. एक भाषेच्या क्षेत्रातल्या मंडळींना. शब्दकोशाचं काम करणाऱ्यांनी, विद्यापीठांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकदा कामाच्या जागी यावं. सबस्टेशनवर, ट्रकच्या अड्ड्यावर, मोंढ्यात, बांधकामावर. वही घेऊन बसावं. एका शब्दाचे अर्थ कसे फुटतात आणि कुठल्या जिल्ह्यात कसे बदलतात, ते तिथे ऐकायला मिळेल. आपल्या वृत्तपत्रानंही वाचकांकडून असे शब्द अर्थासह मागवावेत. दर आठवड्याला एक चौकट पुरे.

दुसरी विनंती जास्त निकडीची आहे. पावसाळ्यापूर्वी तारांच्या धोक्याच्या ज्या सूचना आपल्या आणि इतर वृत्तपत्रांत छापून येतात, पाट्यांवर रंगवतात, त्यांची भाषा माणसाला कळेल अशी असावी. ‘वीजवाहिनीच्या सान्निध्यात जाऊ नये’ हे वाक्य बांधावरच्या माणसाला आपलं वाटत नाही. ‘तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं तरी हात लावू नका’ हे वाटतं. मी नोकरीत असताना एका खेड्यात अशी पाटी खडूनं लिहून डीपीच्या शेजारच्या भिंतीवर ठेवली होती. ‘लाइन गेली म्हणजे मेली नाही, ती कधीही येते.’ पावसानं ती पुसली की कोणीतरी पोरगं पुन्हा लिहायचं. भिंत पडेपर्यंत ती तिथे होती.

४ मार्चला देशात लाइनमन दिवस पाळतात. कागदोपत्री आता आमच्या पदाला तंत्रज्ञ म्हणतात, आणि नव्या पोरांना ते आवडतं, मानाचं वाटतं, ते ठीकच आहे. पण मध्यरात्री वादळात तार तुटली की गावातून फोन येतो तो ‘लाइनमन भाऊ’ म्हणूनच. यंदा त्या दिवशी मी नातीच्या शाळेत गेलो. बाईंना वर्गाबाहेर भेटलो आणि ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. सिंगल फेज, थ्री फेज समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्या मूळच्या शहरातल्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं. म्हणाल्या, ‘काका, मुलांना हे तुम्हीच सांगा ना.’ मग मी तासभर पाचवीच्या वर्गात उभा होतो. प्रत्येक मुलाला लाइनचा एक अर्थ सांगायला लावला. फळ्यावर एकोणीस झाले. एका मुलानं सांगितलेला अर्थ मलाही नवा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला येतात. उसाच्या फडात एकेका जोडप्याला तोडायला जो पट्टा नेमून देतात, त्याला त्यांच्या टोळीत लाइन म्हणतात. ‘आमची लाइन सगळ्यात आधी संपते,’ असं तो म्हणाला. बाईंनी तो अर्थ फळ्यावर स्वतः लिहिला.

हे एकोणीस आणि माझ्या वहीतले बाकीचे, सगळे अर्थ मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत आहे. आपल्याला हवे असतील तर पोस्टानं पाठवीन.

पावणेदहा वाजले. आज आमच्या मळ्याची लाइन दहाला येते. कांद्याला पाणी द्यायचंय आणि मुलाला बॅटरी धरायला माणूस लागतं, म्हणून पत्र इथे थांबवतो.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
ता. जुन्नर, जि. पुणे